भुऱ्याची तपासणी

सुरुवातीलाच सांगते, या सदरातले अनुभव मी हसायला वाचते. चकवा लागला, पैंजण वाजले, पांढऱ्या साडीतली बाई दिसली... चहाच्या वेळी मी ते मोठ्यानं वाचून दाखवते आणि नवऱ्याला विचारते, या बाईला दुसऱ्या रंगाची साडी कोणी घेऊन देत नाही का? तेव्हा आज मीच लिहायला बसले आहे म्हटल्यावर माझं काय झालं असेल ते समजून घ्या. हसायचं असेल तर हसा, फक्त शेवटपर्यंत वाचून मग हसा.

मी जनावरांची डॉक्टर. त्यातही फक्त कुत्र्यांची हाडं, मणके आणि नसा, एवढंच बघते. पुण्यात बारा वर्षं हेच केलं आणि मग माहेरी, बुलढाण्याला येऊन दवाखाना काढला. लोकांनी वेड्यात काढलं. पण जिल्ह्यातल्या डॉक्टरांना ज्या केसचं पुढे काय करावं कळत नाही, ती ते चिठ्ठी लिहून माझ्याकडे पाठवतात. चिठ्ठी नसेल तर मी कुत्रं तपासत नाही. स्वभावानं मी तापट आहे, हेही आताच सांगून टाकते, कारण पुढे त्याचा संबंध येणार आहे.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. ऑक्टोबरचं ऊन, सकाळचे साडेअकरा. जानेफळकडून एक पिकअप आली. मागे गोधडीवर तपकिरी रंगाचा गावठी कुत्रा, कमरेपासून खाली लुळा. सोबत दोन भाऊ. धाकटा गणेश, कुत्रा त्याचा. थोरला प्रल्हाद, गाडी त्याची. दोघं अडीच तास एका गाडीत बसून आले होते आणि एकमेकांशी एक शब्द बोलले नव्हते, हे उतरतानाच दिसत होतं.

"काय झालं?" मी विचारलं.

"ट्रॉलीवरून पडला," प्रल्हाद म्हणाला. गणेश खाली बघत राहिला.

मेहकरच्या एका डॉक्टरांची चिठ्ठी होती. तीन दिवसांपासून मागचे पाय गेलेले, मणका मोडल्याचा संशय, वगैरे. शेवटची ओळ मात्र विचित्र होती – 'खोल वेदनेची तपासणी मी पूर्ण केलेली नाही. आपण करताना सोबतच्या मोठ्या भावावर लक्ष ठेवावे.' मला वाटलं, माणूस भांडखोर असेल, म्हणून सावध केलंय.

ही तपासणी काय असते ते सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. लुळ्या पायाच्या बोटाचं हाड चिमट्यात धरून जोरात दाबायचं. पाय नुसता झटकला तर त्याला अर्थ नाही, तो झटका मणक्यातूनच परत येतो. कुत्र्यानं मान वळवून पाहिलं, ओरडला, चावायला आला, तर दुखणं मेंदूपर्यंत पोचतंय, म्हणजे आशा आहे. चावला तर आम्ही पेढे वाटायचेच बाकी ठेवतो. काहीच केलं नाही, तर मणका मोडलेल्या कुत्र्यात ऑपरेशनचा उपयोग जवळजवळ नसतो. तेव्हा मी मालकाला सांगते की त्याला शांतपणे झोपवून टाका. म्हणजे भुऱ्याचं – कुत्र्याचं नाव भुऱ्या – जगणं-मरणं त्या चिमट्यावर होतं.

एक्स-रेमध्ये कमरेच्या वरचा मणका सरकलेला स्पष्ट दिसला. भुऱ्याला टेबलावर घेतलं. माझे मदतनीस रशीदभाई, पंचावन्नच्या पुढचे, सरकारी दवाखान्यात उभी हयात जनावरं धरण्यात गेलेली. त्यांनी त्याला छातीशी धरलं. तोंड मी बांधत नाही, मला चेहरा बघायचा असतो. गणेश टेबलाशी उभा होता. प्रल्हाद सहा फुटांवर खिडकीशी, आमच्याकडे पाठ करून तंबाखू मळत होता.

मी डाव्या पायाचं बाहेरचं बोट चिमट्यात घेतलं आणि दाबलं.

भुऱ्या माझ्याकडे शांतपणे बघत होता. कान हलला नाही, पापणी हलली नाही. आणि माझ्या पाठीमागे प्रल्हाद असा ओरडला की शेजारच्या खोलीतली कुत्री भुंकायला लागली. वळून बघते तर तो फरशीवर, डावा पाय दोन्ही हातांत धरून.

"विंचू असन बुटात," रशीदभाई म्हणाले. त्यांनी बूट काढून झटकला. त्यात काही नव्हतं. मी म्हटलं, पेटका आला असेल, बाहेर बाकावर बसा. तो लंगडत बाहेर गेला. रशीदभाईंनी दार लावून घेतलं.

मी उजवं बोट दाबलं. भुऱ्या शांत. दाराबाहेरून किंकाळी.

अंगावर काटा आला का? नाही. मला राग आला. आपली कोणीतरी टिंगल करतंय असं वाटलं. तेवढ्यात दार ढकलून प्रल्हाद आत आला, घामानं भिजलेला. "काय लावलं हे तुमी? काय करून राह्यल्या तुमी?"

आणि गणेश, जो तोवर एक शब्द बोलला नव्हता, तो बोलला. "सांग ना त्यायले. सांग काय केलं तं. ट्रॉलीवरून पडला म्हनते! मॅडम, यानं धुरा कोरला माह्या वावरातला. भुऱ्या ट्रॅक्टरपुढं आडवा झाला, हलेच ना. तं यानं त्याले बाभळीले बांधलं अन् बैलगाडीची उभारी घेऊन कमरेत हाणलं. मी पोचलो तवा तो वरडतबी नव्हता. माय दोन दिवस जेवली नाई, मंग हा गाडी काढाले तयार झाला."

धुरा म्हणजे दोन शेतांमधला बांध, आणि उभारी म्हणजे बैलगाडीच्या कडेला उभा खोचलेला दांडा. हातभर रुंद जमिनीसाठी आमच्याकडे सख्खे भाऊ एकमेकांची डोकी फोडतात. पण बांधून मारणं? जे पळू शकत नाही त्याला?

प्रल्हादनं कोपऱ्यातला सलाईनचा लोखंडी स्टँड उचलला. "आज तुलेबी अन् त्यालेबी संपवतो," म्हणत तो टेबलाकडे आला. गणेशनं हात आडवा घातला, स्टँडचा पाया त्याच्या मनगटावर बसला आणि हाड वाजल्याचा आवाज मला ऐकू आला. प्रल्हादनं दुसऱ्यांदा उचलला, या वेळी भुऱ्याच्या डोक्यावर.

माझ्या हातात चिमटा होता. मी काही विचार केला नाही. भुऱ्याचं बोट धरलं आणि पूर्ण जोरानं दाबलं.

स्टँड खणकन पडला. प्रल्हाद गुडघ्यावर आला.

इथे मी थांबायला हवं होतं. धोका टळला होता. पण मी चिमटा सोडला आणि विचारलं, "किती वेळा मारलं?"

"एक... एकदाच."

मी दाबलं. तो फरशीवर आडवा झाला.

"किती वेळा?"

"दोनदा. मायची आन, दोनदा."

पुन्हा दाबलं. त्याच्या ओठातून रक्त आलं, त्यानंच चावला होता. "तीनदा! तीनदा मारलं! सोडा!" गणेश तुटलेलं मनगट पोटाशी धरून म्हणाला, "अजून दाबा मॅडम." आणि मी दाबलं. त्याचं खरं सांगून झालं होतं, विचारायचं काही उरलं नव्हतं, तरी दाबलं, आणखी एकदा दाबलं. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटत होतं. आणि तेवढा वेळ भुऱ्या माझ्या चेहऱ्याकडे बघत होता, आपला पाय कोणा दुसऱ्याचा असावा तसा.

"मॅडम, बस करा," रशीदभाई म्हणाले. "हे तपासनं नाई राह्यलं." त्यांनी माझी बोटं एकेक करून उघडली आणि चिमटा काढून घेतला.

नंतर मी प्रल्हादचे मोजे काढून पाहिले. दोन्ही पायांच्या बाहेरच्या बोटांवर निळ्या-काळ्या आडव्या रेघा होत्या, एकमेकींना अगदी चिकटून. चिमट्याचे दात मी त्यावर धरून पाहिले, तंतोतंत बसले. भुऱ्याच्या बोटांवर वळसुद्धा नव्हता.

आता प्रश्न उरला भुऱ्याचं काय करायचं. नियमानं तपासणीत त्याला काहीच जाणवलं नव्हतं. मी गणेशला तेच सांगायला तोंड उघडलं, तर फरशीवरून प्रल्हाद म्हणाला, "त्याले झोपवू नका."

"आता दया आली?"

"दया नाई. तो मेला तं हे दुखनं माह्यातच राहीन. कुठं देऊ मंग मी हे?"

मी ऑपरेशन केलं. शास्त्रानं सांगितलं म्हणून नाही. दुखणं कुठेतरी पोचत होतं, हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं, आणि मला दुसरं काही सुचत नव्हतं. गणेशला मनगटाचं प्लॅस्टर घालून आणलं आणि त्याच दुपारी भुऱ्याला घेतलं. पिना घातल्या, मणका हाडांसाठीच्या सिमेंटनं धरला. ड्रिल सुरू करण्याआधी मी थांबले, कारण बाहेर बाकावर प्रल्हाद होता. रशीदभाई जाऊन बघून आले. तो झोपला होता. फोन वाजला, गणेशनं गदागदा हलवलं, तरी उठला नाही. मी भुऱ्याचा भुलीचा गॅस बंद केला, आणि भुऱ्यानं डोळे उघडले तेव्हा प्रल्हाद बाहेर उठून बसला आणि त्यानं पाणी मागितलं.

दुसऱ्या दिवशी मी मेहकरच्या डॉक्टरांना फोन केला.

"मी एकदाच चिमटा घेतला," ते म्हणाले, "तो माणूस खालीच बसला. मग माझी हिंमत झाली नाही. चिठ्ठीत आणखी काय लिहिणार होतो, सांगा? तुम्ही किती वेळा घेतला?"

"दोनदा," मी म्हणाले. "डावा आणि उजवा."

प्रल्हादला मी माझ्या ओळखीच्या हाडांच्या डॉक्टरकडेही पाठवलं. माणसांच्या. त्यांना काही सापडलं नाही. अपराधी मनाचा खेळ असेल, असं ते म्हणाले. मी विचारलं, बंद दाराआडून कोणता पाय दाबला हे मनाला कसं कळतं? ते म्हणाले, तुम्ही जरा सुट्टी घ्या.

बाराव्या दिवशी पुन्हा तपासणी होती. दोघं भाऊ आले, या वेळी गाडीतून बोलत उतरले. प्रल्हादनंच भुऱ्याला टेबलावर ठेवलं आणि त्याची मान धरून उभा राहिला. स्वतःचा ओठ त्यानं आधीच दातांत धरला होता. मी डावं बोट चिमट्यात घेतलं. हलकेच दाबलं. मी भुऱ्याकडे बघतच नव्हते, प्रल्हादच्या तोंडाकडे बघत होते, म्हणून फसले.

भुऱ्यानं माझा डावा हात पकडला. नुसता पकडला नाही, मागे-पुढे झटके देत फाडला, आणि रशीदभाईंनी जबडा उघडेपर्यंत सोडला नाही. टेबलावर रक्ताचं थारोळं झालं. आणि प्रल्हाद जागच्या जागी उभा होता. त्याला काही झालं नव्हतं.

गणेश रडायला लागला. "चावला! मॅडम, चावला ना तो!" मीही हसत होते. पेढ्यांची वेळ ती, हाताच्या चिंध्या झाल्या तरी. रशीदभाई नळाखाली साबण लावून माझा हात धूत होते, तेव्हा प्रल्हाद जवळ येऊन उभा राहिला.

"डॉक्टरीनबाई, एक सांगू? पयल्या दोन खेपा तुमी तपासून राह्यल्या होत्या. तिसऱ्या खेपेले तुमी त्याले वाचवलं. त्याच्यानंतरचं... ते मी बाभळीखाली करत होतो ना, तेच होतं. मले वळखू आलं." त्यानं टेबलावरच्या भुऱ्याकडे पाहिलं. "त्यालेबी आलं असन."

मी त्याला तिथून हाकलून दिलं. तोंडाला येईल ते बोलले. काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

भुऱ्या आता चालतो. उजवा पाय थोडा ओढतो, पण धुऱ्यावर जाऊन बसतो, असं गणेश सांगतो. धुरा जिथे होता तिथे प्रल्हादनं परत घातला. दर सहा महिन्यांनी ते फेरतपासणीला येतात. भुऱ्या प्रल्हादच्या पायावर हनुवटी टेकून बसतो. ज्यानं त्याची कंबर मोडली, त्याच्याच. मी खोलीत शिरले की तो उठतो आणि प्रल्हादच्या मागे जाऊन उभा राहतो.

दुखणं एकाच्या पायातून दुसऱ्याच्या पायात कसं गेलं, याचं उत्तर माझ्याकडे नाही. तुमच्यापैकी कोणाकडे असेल तर कळवा, फक्त अपराधी मन सांगू नका, ते मी ऐकलंय. पण त्याहून मोठं कोडं मला दुसरंच पडलंय. त्या दिवशी टेबलावर भुऱ्याला काहीच जाणवत नव्हतं. मी स्वतः तपासलं होतं. मग कुठली खेप कशासाठी होती, हे त्याला कसं कळलं?

मेहकरच्या डॉक्टरांना मी मागच्या महिन्यात फोन करून खरा आकडा सांगितला. त्यांनी दुसऱ्या एका केसबद्दल विचारलं. चिमटा मी अजून वापरते, त्याशिवाय माझं काम होत नाही. प्रत्येक पायाला एकदा दाबते, आणि रशीदभाई न सांगता हात पुढे करतात. मी चिमटा त्यांच्या हातात देते.