धाकूदादांचा ताईत

आमच्या भटवाडीत वजन वाढलं म्हणून पेढे वाटणारा माणूस एकच, धाकूदादा. मूत्रपिंडं अर्धीअधिक निकामी, जेवण मोजूनमापून, तरी दिवाळीपासून काटा चढत होता. चाळीखालच्या भंगारवाल्याच्या काट्यावर दर रविवारी उभे राहायचे आणि जिन्यात भेटेल त्याला आकडा ऐकवायचे. शिमग्याला गावी जाऊन देवीची पालखी खांद्यावर नाचवायची होती ना. गेल्या वर्षी आजारपणात ती हुकली, तेव्हापासून स्वारी लहान मुलासारखी रुसलेली.

डॉक्टरबाई मात्र आकड्यावर भाळल्या नाहीत. वजनात पाणी किती, चरबी किती, स्नायू किती ते बघू, मग गावाचं बोलू, म्हणाल्या. मीही सोबत गेलो, कारण दादांना डॉक्टरांचं हवं तेवढंच ऐकू येतं.

पलंगावर झोपवून हातापायाला चिकटपट्ट्या लावायच्या आणि तारा जोडायच्या, एवढंच काम. पण अंगावर धातू नको. घड्याळ निघालं, अंगठी साबण लावून निघाली. दंडावरचा चांदीचा ताईत मात्र दादा काढू देईनात. देवीचा आहे, मोजायचं तर त्याच्यासकट मोजा, असा हट्ट. शेवटी त्यांच्या बायकोने, सुगंधावहिनींनी, न विचारता गाठ सोडली.

यंत्राने सांगितलं ते सरळ होतं. वाढलं ते सगळं पाणी; चेहरा आणि पाय त्यानेच भरलेले. स्नायू उलट उतरले होते. यंत्र बिघडलंय, दादा म्हणाले. दंड उतरला असता तर ताईत खाली घसरला नसता का?

वहिनींनी सोडलेला आखूड धागा त्यांच्यापुढे धरला. धागा जुना झाला म्हणत दर अमावास्येला त्या नवा बांधायच्या, प्रत्येक वेळी थोडा आखूड.

“तुला ठाऊक होतं?” दादांनी विचारलं.

“पालखीचं बोलायला लागलात की दोन घास जास्त जायचे तुम्हाला,” वहिनी म्हणाल्या. “मग कशाला सांगू?”

दादांचा असा पडलेला चेहरा मी कधी पाहिला नव्हता. मला फार वाईट वाटलं. डॉक्टरबाईंनी औषध बदललं, मीठ तोडलं, हाताचे हलके व्यायाम दिले. शिमग्याआधी पुन्हा मोजू, पालखीचं तेव्हा ठरवू, म्हणाल्या.

घरी वहिनी नव्या धाग्यात ताईत बांधायला लागल्या तेव्हा दादांनी हात पुढे केला.

“आखूड नको. पहिल्यांदा होता तेवढाच बांध.”

ताईत थेट कोपरापर्यंत घसरला. दादांनी तो तिथेच राहू दिला.

रविवारी भंगारवाल्याने काट्यावर यायला हाक मारली. दादा थांबले, बाही सरकवून त्याला कोपर दाखवलं आणि म्हणाले, “आता वजन इथं बघतो.”