आरशातला गुडघा

ऑनलाइन गटचर्चा सुरू करताना मी प्रत्येकीला विचारते, "खोलीत एकट्याच आहात ना?" त्या दिवशीही सगळ्याजणींनी माना डोलावल्या. घरातल्या निर्णयांत बायकांना कितपत विचारलं जातं, हा आमच्या संशोधनाचा विषय होता.

सुनंदाताई स्क्रीनच्या कोपऱ्यातल्या चौकटीत होत्या. प्रत्येक उत्तराआधी त्यांची नजर मोबाइलच्या वर जायची, जरा थांबायची आणि परत यायची. "आमच्याकडे सगळं मोकळं आहे हो, मॅडम." त्यांच्या मागे लोखंडी कपाटाचा आरसा होता. त्यात समोर बसलेल्या कुणाचा तरी गुडघा दिसत होता. पांढरा पायजमा, आणि त्यावर स्वस्थ ठेवलेला हात.

पूर्वी आम्ही समाजमंदिरात सतरंजीवर बसायचो. दाराशी कुणी पुरुष रेंगाळला, तर त्याला चहा सांगायला पिटाळता यायचं. आता घरंच्या घरं माझ्या टेबलावर येतात, पण मला कुणाला बाहेर घालवता येत नाही. चेहरा तेवढा दिसतो, आणि आम्ही त्यालाच मोकळेपणाने बोलणं म्हणतो.

चर्चा संपली. एकेक चौकट मिटत गेली. सुनंदाताई मात्र तशाच बसून होत्या. आरशातली खुर्ची रिकामी झाली होती.

"मॅडम, एक सांगायचं राहिलं," त्या हलकेच म्हणाल्या.

"बोला ना. आता आपण दोघीच आहोत."

माझा आवाज त्यांच्या खोलीत खणखणीत गेला असणार. कारण आरशात तो पायजमा पुन्हा दिसला, या वेळी अगदी जवळ. मग एका तळहाताने सगळी चौकट झाकून टाकली.