वस्तीतला नळ

बायकोला लग्नाआधीच्या सगळ्या भानगडी सांगून झाल्यात. ही एक नाही सांगितली. कुणालाच नाही. तुम्हाला का सांगतोय? ठाऊक नाही. बसा जरा.

नव्वदच्या दशकात मी नगरला राज्यशास्त्रात एम.ए. करत होतो. फार सुंदर दिवस होते ते — आजही मनात तसेच आहेत. सोनईकडच्या आमच्या गावाहून सकाळची एस.टी., खिडकीबाहेर उसाचे फड, मांडीवर डबा. सार्वजनिक धोरण हा विषय शिकवणारे सर खडूने हात पांढरे करून म्हणायचे, "योजना मुंबईत जन्मते, पण ती जगली का मेली हे गावात कळतं." आम्ही भारावून जायचो. कॅन्टीनमध्ये अर्धा अर्धा चहा घेत पंचायत राजवर भांडायचो. आपण देश बदलणार — यात शंका कुणाला होती?

त्याच एस.टी.त सुनंदा असायची. आमच्याच गावची, बौद्ध वस्तीतली. वर्गात सगळ्यांत हुशार, आणि हे मी तेव्हाही जाणून होतो. सरांनी प्रकल्पासाठी आमची जोडी लावली. विषय — गावातली नळपाणी योजना. गावाचे सरपंच होते माझे मामा. वडील गेल्यावर त्यांनीच मला वाढवलं होतं.

आम्ही घरोघर प्रश्नावल्या घेऊन हिंडलो. शेवटी वस्तीत गेलो. बारा वर्षं त्या गावात राहत होतो मी, आणि वस्तीत पाऊल टाकलं ते त्या दिवशी पहिल्यांदा. नळ होता. तोटी गंजलेली. दिवाळीपासून थेंब आला नव्हता; वरचा व्हॉल्व्ह वस्तीपुरता बंदच ठेवलेला. सुनंदाच्या आईने लांबच्या विहिरीवरून आणलेल्या पाण्याचा तांब्या माझ्यापुढे धरला. "घ्या दादा. पानी गोड हाय." मी प्यालो. खरंच गोड होतं — मला स्वतःचा अभिमानही वाटला होता, बघा.

अहवालातलं वस्तीवरचं प्रकरण सुनंदानेच लिहिलं. एकही शब्द जास्तीचा नाही. सर खूश झाले. म्हणाले, तोंडी परीक्षा झाली की हा अहवाल आपण पंचायत समितीला पाठवू.

परीक्षेच्या दिवशी सकाळी मामा स्टँडपर्यंत आले. कधी येत नसत. रागावले नाहीत, आवाज चढवला नाही. एवढंच म्हणाले, "त्या वस्तीचं काय लिवलंय म्हनं तुमी. तू माझ्या ताटात जेवतोस, एवढं ध्यानात ठेव."

बाहेरून आलेल्या परीक्षकांनी फाइल चाळली. त्या प्रकरणापाशी थांबले. माझ्याकडे बघून विचारलं, "हे तुम्ही स्वतः पाहिलंत?"

साधा प्रश्न होता. हो म्हणायला किती वेळ लागतो?

"नाही सर," मी म्हणालो. "वस्तीत ह्या एकट्याच गेल्या होत्या. मी तिथं गेलो नव्हतो."

ते सुनंदाकडे वळले. "खरं आहे हे?"

तिने माझ्याकडे पाहिलं. एकदाच. मग शांतपणे म्हणाली, "त्यांनी सांगितलं ना, सर."

आपल्याच वस्तीची तक्रार रंगवून लिहिली, असा शेरा पडला. प्रकरण काढून टाकलं. अहवाल गेलाच नाही. वस्तीत पाणी आलं त्यानंतर चार वर्षांनी. प्राध्यापकीला लागतात तेवढे गुण तिला थोडक्यात हुकले. मला पहिला वर्ग मिळाला, पुढे नोकरीही — धोरणाची अंमलबजावणी हाच पेपर शिकवतो मी. मामांची भीती होती, असं म्हणता येईल. पण मामांनी मला घराबाहेर काढलं नसतं. हे मला तेव्हाही माहीत होतं.

परतीच्या एस.टी.त ती पुढे बसली, मी मागे. पुन्हा आम्ही बोललो नाही.

काही वर्षांपूर्वी राहुरीच्या स्टँडवर ती भेटली. केस पांढरे झालेले. जवळच्याच गावात शाळेवर शिकवते म्हणाली. सोबत कॉलेजात जाणारी मुलगी होती. पळून जावंसं वाटलं मला, पण तिने हाक मारली. मामी कशा आहेत, विचारलं. मग मुलीला म्हणाली, "हे आमच्या वर्गातले. मोठे प्राध्यापक आहेत. पाया पड त्यांच्या."

मुलगी वाकली. मी तिला थांबवलं नाही. डोक्यावर हात ठेवला, आशीर्वाद दिला, आणि गाडी लागली तसा चढलो.