लाईट गेल्यावरचा फळा

मुख्याध्यापकांनी ऑर्डरच्या कागदावर सहीला पेन टेकवलं आणि लाईट गेली. फळे विकणाऱ्या कंपनीच्या माणसानं दाखवायला भिंतीला लावलेला डिजिटल फळा काळा पडला. पोरांची बोटं लागली की तो रुमालानं काच पुसायचा. आताही पुसतच राहिला. ही ऑर्डर हुकली तर नोकरी जाईल, असं सकाळी चहा पिताना तो मला म्हणाला होता.

तरी मी विचारलंच, "हितं सारखी लाईट जाती. तवा ह्यो फळा काय करतो?"

"काहीच न्हाय, आजी." मग मुख्याध्यापकांकडं वळून म्हणाला, "सर, आधी बॅटरीचं बघा. सही नंतर करा."

सही न झालेला कागद घेऊन तो होटगीच्या रस्त्यानं गेला, मान ताठ ठेवून. आमच्या सोलापूरचाच होता, याचा मला अभिमान आहे. ही ऐकीव गोष्ट नाही. शाळेत खिचडी शिजवणारी, चौथी शिकलेली मी तिथं उभी होते.