विहिरीच्या वळणावरची रेघ

कळमनुरीच्या शाळेत मी खेळाची बाई होते आणि जिल्हाभर कबड्डीच्या सामन्यांना पंच म्हणून जायचे. कबड्डीचा सगळा जीव रेघेत असतो. खेळाडूचा अंगठा रेघेबाहेर टेकला की तो बाद, मग तो कुणा पुढाऱ्याचा पुतण्या असो की माझा स्वतःचा विद्यार्थी. शिट्टी वाजवली की मी कुणाचंच ऐकायची नाही. या स्वभावाचा घरी त्रास झाला, पण मैदानावर नाव झालं. त्या नावामुळेच एका उन्हाळ्यात गॅरेजवाले मिस्त्री माझ्या दारात आले.

हिंगोली जिल्हा वेगळा झाला, त्यानंतरची ती कोरडी वर्षं. सिद्धेश्वर धरणाचं पाणी उन्हाळ्यात पार मागे हटायचं आणि खालचा गाळ वाळून फरशीसारखा टणक व्हायचा. त्या गाळावर मिस्त्रींनी मोटारसायकलींच्या शर्यती सुरू केल्या होत्या. बैलांच्या शर्यतीचा शंकरपट आमच्याकडे होताच, म्हणून लोक याला गाड्यांचा पट म्हणायला लागले. नांदेड, औरंगाबाद, पुण्याकडून धंदेवाईक पोरं यायची, शर्यतीवरच पोट असलेली. त्यामुळे भांडणंही तशीच व्हायची.

"बाई, तुमी या," मिस्त्री म्हणाले. "मागल्या साली रेघेवरून डोकी फुटली. ज्यानं त्यानं आपल्या गावचा पंच उभा केला व्हता."

"मला गाडीतलं काही कळत नाही."

"गाडीतलं मी बघतो. तुमी फकस्त रेघ बघा."

नियम सोपा होता. रस्त्याच्या दोन्ही कडांना फक्कीच्या पांढऱ्या रेघा. एक चाक रेघेबाहेर गेलं तर चालेल, दोन्ही गेली तर तो फेरा मोजायचा नाही. वळणावर बाहेरून मोठा वळसा घेतला की वेग कमी करावा लागत नाही, वेळ वाचतो. म्हणून पोरं मुद्दाम बाहेर जायची आणि गाडी घसरली म्हणायची. ते पकडायचं काम माझं.

शर्यतीच्या सकाळी मिस्त्रींनी मला सगळ्यात लांबच्या वळणावर नेलं. त्याला विहिरीचं वळण म्हणत. धरण होण्याआधी तिथे गाव होतं. आता गाळातून विहिरीचा दगडी कठडा वर आला होता, जरा पलीकडे एक जोतं आणि फुटकं उखळ. लोकांची सगळी गर्दी सुरुवातीच्या टोकाला होती. माझ्यासाठी एक छत्री रोवली, लाल निशाण हातात दिलं आणि मिस्त्री गेले.

एकटी उरल्यावर पहिली गोष्ट लक्षात आली ती शांततेची. तिकडे कर्ण्यावर गाणी लागली होती, गाड्या फुरफुरत होत्या, पण त्या वळणावर आवाज पोचत नव्हता. वारा नव्हता. पक्षी नव्हते. कानावर हात ठेवल्यावर जसं वाटतं तसं. आणि त्यात मधूनच खर्र, खर्र असा आवाज. कुणी खराट्याने अंगण झाडतंय असा. मी वळून पाहिलं, कुणी नव्हतं. वाळलेला गाळ तडकत असेल, अशी मी मनाची समजूत घातली.

आमच्या घरात भुताखेताचं नाव काढायची सोय नव्हती. वडील बुद्धवंदना झाली की आम्हा भावंडांना समोर बसवून विचारायचे, आज कोणती गोष्ट डोळ्यांनी न बघता खरी मानली? तशा घरात वाढलेली मी. म्हणून पुढचं सांगताना जपून सांगते.

प्राथमिक फेऱ्या सुरू झाल्या. पहिलाच नांदेडचा नावाजलेला गडी वळणावर आला आणि सरळ रेघेबाहेर गेला. दोन्ही चाकं बाहेर. मी निशाण वर केलं. त्याच्या मागचाही तसाच गेला, अगदी त्याच जागी. मग तिसरा. घसरून कुणीच गेलं नव्हतं. रस्त्यात काहीतरी आडवं असल्यासारखे ते बाजूने गेले आणि पुन्हा आत आले. मी प्रत्येकाला निशाण दाखवलं.

दोन फेऱ्यांच्या मधल्या वेळात मी त्या जागी गेले. तिथली फक्कीची रेघ तुटलेली होती. चाकांनी मोडली असती तर पांढरी भुकटी इकडेतिकडे पसरली असती. ती पसरली नव्हती. तेवढा तुकडा स्वच्छ होता आणि गाळावर खराट्याच्या काड्यांचे बारीक ओरखडे होते. मी पिशवीतली फक्की काढून रेघ पुन्हा ओढली. पुढची फेरी संपल्यावर पाहिलं तर तुकडा परत साफ.

दुपारी सुरुवातीच्या टोकाला, तंबूपाशी, सगळ्यांनी मला घेरलं. नांदेडचा गडी हेल्मेट काखेत धरून उभा होता, घामाने थबथबलेला.

"बाई, रस्त्यात माणूस बसला असंल तर त्याला चिरडायचं का?"

"कोणता माणूस?"

"म्हातारा. पाठमोरा, उकिडवा बसलाय. तुमी निशाण दाखवता, त्याला काहून उठवत न्हाई?"

"मी तिथेच उभी आहे. तिथे कुणी बसलेलं नाही."

कुणी हसेल असं मला वाटलं होतं, कुणी हसलं नाही. मी एकेकाला तंबूमागे बोलावून वेगवेगळं विचारलं, म्हणजे एकाचं ऐकून दुसऱ्याने सांगायला नको. पुण्याचा पोरगा म्हणाला, मला धोतर दिसलं, डोक्याला काही नव्हतं. आणखी एकाने खाली बघत सांगितलं, "मला काही दिसलं नाही, बाई. पण तिथून सरळ जाता येत नाही. हात आपोआप वळतात."

हात आपोआप वळतात, हे वाक्य मी निकालाच्या वहीत लिहून घेतलं. पण आता प्रश्न माझा होता. रेघ हलवावी, तर सकाळपासून ज्यांचे फेरे मी बाद केले त्यांच्यावर अन्याय. न हलवावी, तर जे कुणालाच टाळता येत नाही त्याची शिक्षा सगळ्यांना. तेवढ्यात मिस्त्री माझी वही बघत म्हणाले, "सगळेच बाहेर गेले न्हाईत. एक जण आत राहिलाय."

तो शिरड शहापूरकडचा होता, शेतकऱ्याचा मुलगा, विशीतला. जुनी गाडी, स्वतःच जुळवलेली. वेग बेताचाच, पण सकाळपासून त्याचं एकही चाक रेघेबाहेर गेलं नव्हतं. एक माणूस आत राहू शकतो म्हटल्यावर रेघ हलवायचं कारण उरलं नाही. मी सगळ्यांना सांगितलं, "अंतिम शर्यतीत सगळे उतरतील, पण याच रेघेवर. जो बाहेर जाईल त्याचा फेरा बाद. कारण कुणीही सांगायचं नाही."

नांदेडच्या गड्याने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. "बराबर," एवढंच म्हणाला.

अंतिम शर्यतीला ऊन कलतं होतं. गाळावर मृगजळ हलत होतं आणि गाड्या दुरून पाण्यावरून आल्यासारख्या दिसत होत्या. प्रत्येक फेऱ्याला तेच. पुढचे सगळे त्या जागी बाहेर वळायचे, मी निशाण वर करायची. शेवटी शिरड शहापूरचा पोरगा यायचा, रेघेच्या आतून, सरळ. पण एक गोष्ट मी पाहिली. त्या जागी येताना तो डोळे मिटत होता. हेल्मेटला काच नव्हती, त्यामुळे स्पष्ट दिसायचं. पापण्या घट्ट, दात आवळलेले. पुढे गेला की डोळे उघडायचा.

मी निशाण धरून उभी होते आणि मला वाटत होतं, याला थांबवावं. पण त्याचं काही चुकत नव्हतं. जो चुकत नाही त्याला कोणत्या नियमाने थांबवायचं?

बाकीच्यांचे सगळे फेरे बाद झाले, म्हणून तो सगळ्यात मागे असून पहिला आला. लोकांनी त्याला खांद्यावर घेतलं. त्याने उतरवायला लावलं आणि गर्दीतून वाट काढत थेट वळणावर माझ्याकडे आला. तोंड राखेसारखं झालं होतं.

"बाई, मलाबी दिसत व्हता."

"मग तू बाहेर का नाही गेलास?"

"सकाळी तुमचं निशाण पाहून बाहेर जायाची छाती झाली न्हाई. दुपारी तर तुमीच म्हनल्या, कारण सांगायचं न्हाई. मी अंगावरून गेलो त्याच्या. दर फेऱ्याला." त्याने बक्षिसाची ढाल पोटाशी धरली. "गाडीला काही लागत न्हव्हतं. निस्तं गार वाटायचं, हिरीत उतरल्यावानी. पहिल्यांदा पाठमोरा व्हता. मग जरा जरा वळत गेला. शेवटल्या फेऱ्याला त्यानं माझ्याकडं पाहिलं."

"डोळे तर मिटलेले होते तुझे."

"व्हय," तो म्हणाला. "तरी दिसलं."

मिस्त्री त्याच्या मागोमाग आले होते. त्यांनी पोराच्या हातातली ढाल घेऊन दुसऱ्याकडे दिली, त्याला छत्रीखाली बसवलं, पाणी पाजलं. मग माझ्याकडे न बघता बोलायला लागले. मिस्त्री मूळचे त्याच बुडालेल्या गावचे, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. गाव उठलं तेव्हा ते लहान होते. त्यांचे आजोबा नव्या गावात राहायला गेले, पण मन लागलं नाही. उन्हाळ्यात पाणी हटलं की ते चालत इथे यायचे. आपल्या अंगणाची जागा झाडून काढायचे आणि दिवसभर तिथे उकिडवे बसायचे. संध्याकाळी घरचं कुणीतरी न्यायला यायचं.

"मेले ते घरीच, बाजेवर. चांगले म्हातारे होऊन," मिस्त्री म्हणाले. "पण बसायचे इथंच. यंदा मी रस्ता इथवर वाढवला तवा ध्यानात आलं न्हाई, बाई. खरंच न्हाई आलं. हिरीपासून अदमास चुकला माझा."

निकाल मी बदलला नाही. आजही बदलणार नाही. रेघ सगळ्यांना एकच होती आणि एक जण ती पाळून गेला. पण घरी जाताना जीपमध्ये मला सारखं वाटत होतं की त्या पोराने माझ्या शब्दाखातर जे केलं, ते कुणाला करायला लावण्याचा हक्क पंचाला असतो का. वडिलांना मी सगळं सांगितलं. मला वाटलं, रागावतील. ते एवढंच म्हणाले, "उन्हात उभी होतीस दिवसभर. जेवून घे."

पुढच्या उन्हाळ्यात पाणी पुन्हा हटलं आणि मिस्त्री बोलवायला आले. मी एकच अट घातली, विहिरीच्या वळणावरची रेघ मी आखणार. आदल्या दिवशी जाऊन मी रस्ता बाहेरून वळवला, अंगणाएवढी जागा मोकळी सोडली. नांदेडच्या गड्यालाच सोबत नेलं होतं. कुठून वळायचं ते त्याने पायांनी चालून दाखवलं, त्याच्या मागोमाग मी फक्की टाकत गेले.

शर्यतीच्या दिवशी मी वळणावर पोचले आणि जागच्या जागी थांबले. मोकळ्या सोडलेल्या जागेत कुणीतरी पाठमोरं, उकिडवं बसलं होतं. मग त्याने मान वळवली. शिरड शहापूरचा पोरगा होता तो. शर्यतीत त्याने नाव दिलं नव्हतं. गाडी त्याने आधीच विकली होती.

"इथे काय करतोस?"

"काही न्हाई, बाई. बसून राहिलो. कोणीतरी बसाया पाहिजे ना."

तो रस्त्यावर नव्हता, रेघेच्या बाहेर होता. त्याला उठवायचा मला अधिकार नव्हता आणि उठवावंसंही वाटलं नाही. गाड्या सुरू झाल्या. त्या दिवशी विहिरीच्या वळणावर एकही चाक रेघेबाहेर गेलं नाही, मी निशाण खालीच धरून उभी राहिले. कुणाच्या दारावरून जाताना माणसं करतात तसा प्रत्येकाने तिथे वेग थोडा कमी केला. तसं करायला त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं. संध्याकाळी मिस्त्री चहाची किटली घेऊन आले आणि त्याच्या शेजारी जाऊन बसले. दोघं काय बोलले ते मला ऐकू आलं नाही.

त्यानंतर पाऊस चांगला झाला. पाणी परत कधी इतकं मागे हटलं नाही, शर्यती बंद पडल्या. तो पोरगा मिस्त्रींच्या गॅरेजमध्ये कामाला लागला आणि पुढे सगळं गॅरेज तोच बघायला लागला. माझी स्कूटी दुरुस्तीला त्याच्याकडेच असायची. त्या दिवसाबद्दल आम्ही कधी बोललो नाही. एकदाच, प्लग साफ करताना तो मोकळा वाटला म्हणून मी विचारलं, "शेवटच्या फेऱ्याला त्यांनी पाहिलं तेव्हा तोंड कसं होतं? चिडलेलं होतं का?"

त्याने प्लग फडक्याने पुसला, उजेडाकडे धरून पाहिला.

"चिडलेलं न्हव्हतं, बाई. आपल्या घरचं कोणी न्यायला आलं का, असं बघून राहिले व्हते."

मग त्याने प्लग बसवला, स्कूटी चालू करून दिली आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला.