श्यामलाचा धने-शेपूचा पट्टा

इंग्लंडमधल्या लेस्टरच्या हॉस्पिटलात तीस वर्षं लोकांची पोटं कापून रिटायर झालेल्या डॉक्टर पद्माकर टिपणिसांनी गावाबाहेर तीस एकर शेत घेतलं ते कशासाठी? तर चारचौघांत 'माय फार्म' म्हणून मिरवायला! राबायची ती बायको, श्यामला. लॅबमधली नोकरी सोडून तिने गहू लावला आणि शेजारच्या कॉलिनचं पेरणीयंत्र उसनं आणून गव्हाच्या मधोमध गवत, धने नि शेपूचा एक पट्टा पेरला. फुलांवरचे किडे आणि गवतातले भुंगेरे गव्हावरची मावा ही कीड खातात, मग फवारणी लागत नाही. सरकारी ग्रँटवाल्यांना हे 'इनोव्हेटिव्ह' वाटलं आणि २००४ साली त्यांनी तीन वर्षांची ग्रँट दिली.

"आमची बायको सरकारी पैशाने तण पोसते हो!" पाहुण्यांपुढे पद्माकर खो खो हसायचे. हसा म्हणावं! गाढवाला गुळाची चव काय, असं म्हणून श्यामला कामाला लागायची.

दोन वर्षं खरंच फवारणी लागली नाही. तिसऱ्या वर्षी जुलैत हेदर नावाची तपासनीस किडे मोजायला येणार होती. आकडे चांगले आले की श्यामलाचा पट्टा आणखी दहा शेतांवर पेरला जाणार होता, तिच्या नावाने. जन्मभर दुसऱ्यांच्या सहीचे रिपोर्ट लिहिलेल्या बाईला आणखी काय हवं असतं?

त्या सकाळी ती हेदरसाठी ढोकळा आणायला लेस्टरच्या देशी बाजारात, बेलग्रेव्ह रोडला गेली. परत येऊन बघते तर पट्टा साफ! बंगल्यापुढच्या लॉनसारखा कापलेला, आणि गवत कापायच्या मोअरवर घामाघूम पद्माकर.

"साहेबलोक येणार आणि हे असलं रान दाखवायचं? बघ, कसं चकाचक केलंय!"

साहेब येणार म्हटलं की शाळेच्या भिंतींना चुना फासायचा, ही अक्कल या गृहस्थाने सातासमुद्रापार जपून आणली होती. एवढा शिकलेला माणूस, पण तीन वर्षांत तो पट्टा कशासाठी आहे हे त्याने एकदाही विचारलं नव्हतं.

हेदर जाळी आणि बरण्या घेऊन आली, नि बघतच राहिली. मग म्हणाली, बाहेरच्या कुणी चुकून कापलं असेल तर एक वर्ष वाढवून मिळतं. घरच्यांनी कापलं असेल तर ग्रँट बंद. कुणी कापलं?

"कॉलिनच्या माणसाने," पद्माकर बेधडक म्हणाले. "चुकून."

हेदरने कॉलिनचं नाव लिहायला घेतलं. पद्माकर श्यामलाला डोळ्यांनी खुणावत होते. गप्प राहिली असती तर पुढच्या जुलैपर्यंत पट्टा पुन्हा फुलला असता.

"कॉलिनचा काही संबंध नाही," श्यामला म्हणाली. "माझ्या नवऱ्याने कापलं. तुम्हाला नीटनेटकं दिसावं म्हणून."

हेदरने फाइल मिटली, सॉरी म्हणाली आणि गेली. ढोकळा तसाच राहिला.

"वेडी आहेस का?" पद्माकर ओरडले. "तुझाच पट्टा वाचवत होतो ना!"

"गेला तर गेला. पण तुमच्या मूर्खपणाचं खापर त्या भल्या माणसाच्या डोक्यावर फोडायचं? शी! आधी लाज वाटायला शिका."

पद्माकर मोअर तिथेच टाकून आत गेले. आठवड्याभरात गव्हावर मावा चढला, आणि फवारणीवाल्याला फोन तिलाच करावा लागला.