पुस्तकात नसलेला कापूस

हिवरखेड सोडलं तेव्हा मी बारा वर्षांचा होतो. बाच्या गाडीत कापूस खच्चून भरला होता आणि त्यावर मी, दोन धोतरं आणि ज्वारीच्या भाकरींची चवड. दूर अमेरिकेत लढाई लागली होती. तिचा आपल्याशी काय संबंध हे गावात कुणाला सांगता येत नव्हतं, पण आपल्या कापसाला असं मोल आलं होतं की लोकांनी बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या बसवल्या. बाने तसलं काही केलं नाही. त्याच्या मनात दुसरंच होतं. जमिनीच्या मोजणीचे सरकारी लोक गावात येऊन गेले, तेव्हा लिहिता न येणाऱ्या सगळ्यांप्रमाणे बानेही कागदावर सहीच्या जागी नांगर काढला होता. कागदात काय लिहिलंय असं त्याने विचारलं, तर कारकून हसला. ते त्याला लागलं. अकोल्याच्या वाटेवर तो एकच वाक्य बोलला, "मी कागदावर नांगर काढतो. तू तेथं नाव काढजो."

गावात राहिलेल्या तुमच्यासाठी मी हे लिहितो आहे, आणि माझ्यासारखे शिकायला बाहेर पडले त्यांच्यासाठीही. अमरावतीत मास्तरकी करून माझे केस पिकले. आता राग गिळून बसण्याचं कारण उरलेलं नाही.

आधी शाळेचं देणं मान्य करतो. बाने मला घातलं त्या अकोल्याच्या पेठेतल्या शाळेत भटजींचा मुलगा आणि कुणब्याचा मुलगा एकाच तरटावर बसत. आमचे गुरुजी पुण्याकडचे होते. ज्याला गणित जमत नसे त्याला शाळा सुटल्यावर थांबवून शिकवत, आणि कधी कंटाळले नाहीत. दोन वर्षांत मी छापलेलं कुठलंही पान वाचू लागलो. माझ्या सात पिढ्यांत कुणाला हे आलं नव्हतं. मुली मात्र शाळेत नव्हत्या, आणि त्याचं आश्चर्य आमच्यापैकी कुणालाही वाटलं नाही. मलाही नाही.

पण त्याच शाळेत "मले" म्हटलं की हातावर छडी बसे. "मले नव्हे, मला." पहिल्या महिन्यात माझे तळवे सुजले. सुटीत घरी गेलो आणि आईला म्हणालो, "मला भूक लागली आहे." ती चुलीपुढून उठलीच नाही. बाच्याकडे पाहून म्हणाली, "हा कोनाच्या घरचं बोलून राहिला?"

माझ्याबरोबर आपल्याच गावचा नामदेव होता. तुम्ही त्याला ओळखता. डोकं माझ्याहून तल्लख, पण जीभ वळायला तयार नव्हती. रोज छडी खाई आणि रोज "मले" म्हणे.

वार्षिक परीक्षेला शाळा तपासणारे डिपुटीसाहेब आले. ऐन कापसाचे दिवस होते. शाळेच्या खिडकीखालून गाड्यांची रांग चालली होती आणि वाऱ्याने उडालेला कापूस आमच्या पाट्यांवर येऊन बसत होता. साहेबांनी नामदेवाला उभं केलं आणि विचारलं, "कापूस कोणकोणत्या देशांत पिकतो?"

नामदेव म्हणाला, "आमच्या वऱ्हाडात पिकते जी."

साहेब हसले. मग सगळा वर्ग हसला. "पुस्तकात काय दिलंय ते सांग."

"पुस्तकात वऱ्हाड नाई जी. पन बाहीर पाहा, गाड्या चालल्या."

साहेबांच्या कपाळाला आठी पडली. त्यांनी कागदावर शेरा लिहिला: उत्तर चूक, मुलगा उद्धट. मग मला उभं केलं. मी डोळे मिटून पुस्तकातलं पान म्हटलं. अमेरिका, मिसर आणि पुढची दोन नावं, एकही शब्द इकडेतिकडे न होता. मला बक्षीस म्हणून एक पुस्तक मिळालं. गुरुजी साहेबांच्या मागे उभे होते. नामदेवाचं उत्तर खरं आहे हे त्यांना कळत होतं, पण त्यांची नोकरी त्या शेऱ्यांवर टिकून होती. ते जमिनीकडे पाहत राहिले.

त्या संध्याकाळी नामदेवाने आपलं गाठोडं बांधलं. मी अडवलं तर म्हणाला, "मले एक सांग. तुयं बरोबर होतं का माह्यं?" मी बक्षिसाचं पुस्तक पाठीमागे लपवलं. "मंग तू शीक," तो म्हणाला, आणि गावाकडे जाणाऱ्या रिकाम्या गाडीत चढला.

पुढे मी मास्तर झालो आणि तोच धडा मला शिकवावा लागला. पहिल्या वर्षी मी फळ्यावर सगळ्यांत वर वऱ्हाड लिहिलं आणि त्याखाली पुस्तकातले देश. वरून लेखी ताकीद आली, "नेमलेल्या पुस्तकाबाहेरचे शिकवू नये." दुसऱ्या वर्षीही मी तेच केलं, तेव्हा माझी बदली चांदूरला झाली. तिसऱ्या वर्षी माझं लग्न झालेलं होतं. त्या वर्षी मी पुस्तकातलंच शिकवलं. हे लिहिताना आजही मान खाली जाते. ज्या सरकारला आपला कापूस गाड्या भरभरून हवा होता, त्याच्या पुस्तकात तो पिकवणाऱ्यांच्या मुलखाला एक ओळ मिळू नये, आणि खरं बोलणाऱ्या मुलाला उद्धट ठरवून घरी पाठवावं, याला शिक्षण म्हणायचं असेल तर म्हणा. मी म्हणणार नाही.

गेल्या उन्हाळ्यात गावी आलो तेव्हा नामदेवाच्या वावरात गेलो. तो कापूस वेचून झालेली वाळकी झाडं, पऱ्हाटी, उपटत होता. इतक्या वर्षांचं साठलेलं मी एका दमात बोलून टाकलं, "नामा, तुझं उत्तर बरोबर होतं. मी तेव्हा भ्यालो."

तो हसला नाही, चिडलाही नाही. म्हणाला, "मले ते त्याच दिवशी ठाऊक होतं, गुरुजी. मले सांगून काय होते? पुस्तक बनवते त्याले सांगा."

परत आल्यावर मी शिक्षणखात्याला सविस्तर अर्ज लिहिला. उत्तर आलेलं नाही. दुसरा लिहून तयार आहे.

पण त्या दिवशी मला त्याच्या बोलण्यापेक्षा ते "गुरुजी" जास्त लागलं. त्याने बांधावर स्वतःची घोंगडी अंथरली, मला तिच्यावर बसायला सांगितलं आणि आपण समोर मातीत बसला. मी घोंगडीवरून उठून त्याच्याशेजारी मातीत जाऊन बसलो. तो संकोचला, माझ्या धोतराकडे पाहत म्हणाला, "कपडे खराब होतीन तुमचे."

गाव मला आता असं भेटतं. मी तरीही तिथेच बसून राहिलो, आणि ऊन उतरेपर्यंत आम्ही दोघांनी मिळून उरलेली पऱ्हाटी उपटली.